डिकाशनवरचा आळ

सेतुमाधवराव जिना चढून आले तेव्हा त्यांच्या हातात वायरची भाजीची टोपली होती. टोपलीचं तोंड पंच्याने घट्ट बांधलं होतं, आणि आतून कोणीतरी रागाने ओरडत होतं.

“तपास करणाऱ्या बाई त्या तुम्हीच?”

“मीच. टोपलीत कोण आहे?” भुवनेश्वरीने विचारलं.

“आरोपी.”

तंजावूरच्या दक्षिण वीथीत, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर भुवनेश्वरीचं ऑफिस होतं. विमा कंपनीत खोटे दावे पकडता पकडता तिची नोकरी संपली, आणि मग तिने हा उद्योग सुरू केला. वरुणराव तिच्या ओळखीचे, पोस्टातून निवृत्त झालेले. चार वर्षांपूर्वी बायको गेली. सकाळच्या वेळी रिकाम्या घरात बसवत नाही म्हणून ते इथे येऊन बसत. भुवनेश्वरी त्यांना आपला मदतनीस म्हणायची. मदत नेमकी कसली, हे दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नव्हतं.

सेतुमाधवरावांनी पंचा सोडला. टोपलीतून एक काळपट तपकिरी मांजर बाहेर आलं, टेबलावर चढलं आणि सगळ्यांकडे पाठ करून बसलं.

“हिचं नाव डिकाशन. गाळणीतून कॉफी उतरते ना, तसा रंग. माझ्या बायकोने ठेवलं नाव. जयश्री गेली त्याला वर्ष होत आलं.” त्यांनी पंच्याची घडी घातली. “तिच्या मागे तिच्या दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक ही, आणि दुसरी तिने घातलेलं शेवटचं मागाळीचं लोणचं. आता घरचे म्हणतात, हिने ते खाल्लं. खरं का, एवढंच मला सांगा.”

“आणि खरं असलं तर?”

“पापनाशमला भाताची गिरणी आहे. तिथे उंदीर झालेत. माझ्या मुलीने, विनुताने, गिरणीच्या माणसाला बोलावलंय. आज संध्याकाळी तो पोतं घेऊन येणार. मी हो म्हणालोय.” त्यांनी मांजराकडे पाहिलं नाही. “दुसरं काही खाल्लं असतं तर मी एवढा चिडलो नसतो हो. पण ते लोणचं.”

वरुणरावांना हे समजावून सांगायची गरज नव्हती. मागाळी म्हणजे डोंगरातली मुळं. ती सोलायची, आतली शीर काढायची, फोडी करायच्या आणि मिरची, मोहरी, हळद घातलेल्या ताकात मुरवायच्या. वास असा, की नवखा माणूस गादीतले ढेकूण शोधायला लागतो. पण इथल्या घरांत दहीभात त्याच्याशिवाय घशाखाली उतरत नाही.

“काल काय झालं, पहिल्यापासून सांगा,” भुवनेश्वरी म्हणाली.

“सकाळी मी देवळात गेलो होतो. परत आलो तर आमची अंबाक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, ओरडतेय. स्वयंपाकघरात फळीखाली चिनी मातीची बरणी आडवी पडलेली, आणि ही शेजारी बसून जिभल्या चाटतेय. हनुवटीला दही.”

“कसलं दही?”

“कसलं म्हणजे? पांढरं. दह्याला आणखी कोणता रंग असतो?”

“आणि पंजे?”

“स्वच्छ होते. मी उचलून घेतलं तिला, धोतराला काही लागलं नाही.”

“बरणी फुटली नाही?”

“नाही, देवाची कृपा. मी आत दोन बोटं घातली. म्हटलं, निदान चव तरी मिळेल.” सेतुमाधवरावांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. “कोरडी बाहेर आली.”

खालून कॉफी आली, आणि मांजरासाठी टंबलरमध्ये दूध. डिकाशनने उंच टंबलर हुंगला, तोंड मागे घेतलं, पुढचा पंजा आत बुडवला आणि तो चाटू लागली. पुन्हा बुडवला, पुन्हा चाटला.

“अय्यो, टेबल बघा!” म्हणत वरुणराव फडकं शोधायला लागले.

भुवनेश्वरीने ते दूध टंबलरखालच्या पसरट वाटीत, डवऱ्यात, ओतलं. मांजराने लगेच पंजा आवरला आणि सरळ तोंड लावलं.

“चला,” ती उठली, “तुमच्या घरी जाऊ.”

*

सेतुमाधवरावांचं घर करंदैमध्ये होतं. रिक्षा थांबताच विनुता दारात आली. चेन्नैला बँकेत नोकरी, बोलणं थेट.

“अप्पा, खरंच मांजरासाठी डिटेक्टिव्ह?”

“तुम्हाला मांजर नको आहे?” भुवनेश्वरीने तिला विचारलं.

“मला अप्पा चेन्नैला हवेत. आणि दरवेळी उत्तर काय, तर डिकाशनचं कोण बघेल! म्हणून मला राग. पण मी तिचं वाईट केलेलं नाही. हे बघा, तिच्यासाठी काय आणलं.” तिने कोपऱ्यातली गुलाबी जोडवाटी दाखवली. एका खोलगट खळग्यात खाणं, चिकटून दुसऱ्यात पाणी. “बाईसाहेबांनी तोंड लावलं नाही. पाणी नळाखालच्या बादलीतलं पिणार, तेही आधी पंजाने हलवून.”

“जेवणाशेजारचं पाणी मांजरांना आवडत नाही,” भुवनेश्वरी म्हणाली. “काल सकाळी तुम्ही कुठे होता?”

“वर. ऑफिसच्या मीटिंगमध्ये, लॅपटॉपवर. आत्या ओरडली तेव्हा खाली आले.”

“बरणी पडल्याचा आवाज आला?”

“नाही. आत्याचाच आला. तो पुरे असतो.”

अंबाक्का सोवळ्यात होत्या, त्यामुळे त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबरठ्याआतूनच उत्तरं दिली.

“यात शोधायचं काय? फळीवर चढली, बरणी पाडली, चाटूनपुसून खाल्लं. मांजर ते मांजर.”

“फोडीसुद्धा?”

“फोडीसुद्धा. हावरट आहे.”

“तुम्ही तिला सकाळी काही घातलं होतं?”

“मी? छे! बघा की त्या गुलाबी वाटीत. कोरडी ठणठणीत आहे.” एवढं बोलून अंबाक्का चुलीकडे वळल्या.

पाहुण्यांना कॉफी सेतुमाधवरावांनी स्वतः दिली. साखर घालायला चमचा घेतला, नळाखाली नीट धुतला, झटकला आणि तसाच साखरेच्या डब्यात घातला. साखरेचे खडे झाले होते. ते त्यांनी चमच्याने ठेचले.

“तंजावूरची हवाच दमट,” वरुणराव त्यांना म्हणाले. “माझ्याही डब्यात असेच खडे.”

भुवनेश्वरी डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “लोणचं रोज कोण वाढायचं?”

“मीच घ्यायचो. दुपारी अक्का पोथी वाचायला बसली की. रोज एक फोड. हात लावत नव्हतो हं, चमच्यानेच. तोही धुऊन घेतलेला.”

परसात वरुणरावांचा पाय एका स्टीलच्या ताटलीवर पडला. पसरट, उथळ ताटली. काठाला पांढरं वाळून चिकटलं होतं. “माफ करा,” असं ताटलीलाच म्हणून त्यांनी ती भिंतीला टेकवून ठेवली. वर खिडकीत, उन्हाला, तोंडाला फडकं बांधलेली एक छोटी बरणी होती. तिला धक्का लागणार नाही अशा बेताने ते बाजूला सरकले.

कुंपणापलीकडून हाक आली. “काय राव, पकडलं का चोर?”

हे रघोजी, शेजारी. त्यांना विचारण्याआधीच ते सांगू लागले. “संशय माझ्यावर घ्या खुशाल. जयश्रीवैनी दरवर्षी मला एक बाटली भरून द्यायच्या. त्या गेल्यावर हे महाराज एक फोड देत नाहीत! पण मागाळी कुणी चोरून खातं का? तोंडाचा वास लपतो? माझी बायको पोलिसांच्या आधी मला पकडेल. मी आपलं दुकानातलं विकत आणून खातो.”

“थोडं मला द्याल?” भुवनेश्वरी म्हणाली.

रघोजींनी वाटीतून दोन फोडी दिल्या. तांबूस पिवळं दही फोडींना चिकटलं होतं. मोहरीचा ठसका वरुणरावांच्या नाकापर्यंत आला.

*

गिरणीचा माणूस मोपेडवरून आला तेव्हा ऊन उतरलं होतं. त्याच्या खांद्यावर रिकामं पोतं होतं. भुवनेश्वरीने त्याला ओट्यावर बसवून कॉफी द्यायला सांगितलं आणि बाकीच्यांना आत बोलावलं. रघोजी बोलावण्याची वाट न बघता आले.

तिने रघोजींच्या फोडी त्या परसातल्या ताटलीत घालून जमिनीवर ठेवल्या. डिकाशन आली. वाकली. डोकं झटकन मागे घेतलं, एक शिंक दिली आणि ताटलीभोवतीची फरशी पंजाने खरवडायला लागली. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने.

विनुताला हसू आलं. “काय करतेय ही?”

“पुरतेय. नको असलेलं खाणं मांजर असं माती ओढून झाकतं. माती नसली तरी.” भुवनेश्वरी खुर्चीत टेकली. “जिला हे हुंगवत नाही, ती बरणीभर खाईल?”

“भूक लागली असेल तेव्हा,” अंबाक्का हळूच म्हणाल्या.

“बरं, खाल्लं असं धरू. पण कसं? बरणीचं तोंड अरुंद. मांजराला मिशा कडांना घासलेल्या चालत नाहीत. म्हणून विनुताची खोल वाटी तिने घेतली नाही, आणि आज सकाळी टंबलरमधलं दूध तिने पंजाने काढून चाटलं. वरुणरावांनी टेबल पुसलं, पण कारण बघितलं नाही.”

वरुणरावांनी मान डोलावली. हे असं नेहमीचंच होतं.

“बरणीतून खाल्लं असतं तर पंजे माखले असते. पंजे स्वच्छ होते. माखली होती हनुवटी, म्हणजे ती पसरट भांड्यातून खात होती. आणि दही पांढरं होतं. मागाळीचं दही हे असं असतं.” तिने ताटलीकडे बोट केलं. “तिने साधं दही खाल्लं, याच ताटलीत. काठाला अजून चिकटलेलं आहे.”

“मग बरणी?” सेतुमाधवरावांनी विचारलं.

“चिनी मातीची बरणी फळीवरून फरशीवर पडली आणि फुटली नाही. विनुताला आवाजही आला नाही. तुम्ही आत बोटं घातलीत ती कोरडी आली. मांजर चाटून बरणी कोरडी करत नाही. ती आधीच कुणीतरी रिकामी केली होती, धुतली होती, उन्हात वाळवली होती. मग हळूच आणून आडवी ठेवली. विनुता वर होती. रघोजींनी चोरून खाल्लं असतं तर बरणी धुऊन, वाळवून परत कशाला आणून दिली असती?”

रघोजी म्हणाले, “धुणं सोडा, मी माझं ताटसुद्धा उचलत नाही.”

पण सगळे अंबाक्कांकडे बघत होते.

“एकच गोष्ट मला कळेना,” भुवनेश्वरी म्हणाली. तिचा आवाज आता मऊ झाला होता. “ज्याच्यावर आळ घ्यायचा त्याला आधी दही का खाऊ घालायचं?”

अंबाक्कांनी पदराने तोंड पुसलं. “मुकं जनावर. आपल्यासाठी बोल खाणार. म्हटलं, आधी पोटभर दही तरी खाऊ दे. जयश्री त्याच ताटलीत घालायची.” मग त्या भावाकडे वळल्या. “सेतू, तू दोन दिवस कुरकुर करशील आणि विसरशील असं वाटलं रे. ही विनुता गिरणीवाल्याला बोलावेल हे मला काय ठाऊक! आणि मग तोंड उघडेना.”

“पण का, अक्का? लोणच्याने तुझं काय केलं होतं?”

“बुरशी आली होती. वर जाड थर. चष्म्याशिवाय तुला दिसला नाही.”

“जयश्रीच्या लोणच्याला? दोन दोन वर्षं टिकायचं तिचं!”

अंबाक्का खाली बघत राहिल्या. भुवनेश्वरी खुर्चीतून उठली. वरुणरावांच्या लक्षात आलं, की ती सगळं जाणते आणि इथेच थांबणार आहे.

सेतुमाधवराव उभे होते. त्यांची नजर साखरेच्या डब्यावर गेली, तिथून नळावर, आणि पुन्हा डब्यावर.

“मी चमचा धुऊन घ्यायचो,” ते म्हणाले. “दरवेळी. तिचं लोणचं म्हणून अगदी स्वच्छ धुऊन.” आणि मग बहिणीला, “पुसायचा असतो का?”

“पुसायचा आणि वाळवायचा,” अंबाक्का म्हणाल्या. “लोणच्याला पाण्याचा थेंब चालत नाही.”

“तिने मला कधी सांगितलं नाही.”

“तिने तुला कधी हाताने वाढून घेऊ दिलं? सांगणार कधी?” अंबाक्कांचा आवाज चिरकला. “तुझ्याच हाताने गेलं, हे तुला कसं सांगू? वर्षभर तू त्या एका फोडीवर जेवलास. म्हटलं, त्यापेक्षा मांजराला शिव्या देऊ दे.”

बाहेर गिरणीच्या माणसाने टंबलर खाली ठेवल्याचा आवाज आला. विनुता नाक ओढत खिडकीबाहेर बघत होती.

“आत्या,” ती म्हणाली, “परसातल्या खिडकीत ती फडकं बांधलेली बरणी कसली?”

अंबाक्का गेल्या आणि ती छोटी बरणी घेऊन आल्या. “वरचं सगळं टाकलं. तळाच्या फोडी चांगल्या होत्या. मिठाच्या पाण्यातून काढल्या आणि नव्या ताकात घातल्या. फोडी तिच्याच, ताक माझं. मुरलं की तुला वाढणार होते. म्हणणार होते, बाजारात मुळं मिळाली.”

सेतुमाधवरावांनी हात पुढे केला.

“हात नाही लावायचा!” अंबाक्का खेकसल्या.

त्यांनी हात मागे घेतला, आणि हसले. आधी गालात, मग खांदे हलेपर्यंत. “सेरी, अक्का, बरं. तूच वाढ. मी ताट घेऊन बसतो.”

“आणि अप्पा चेन्नैला?” विनुता म्हणाली.

“येईन की. लोणचं मुरल्यावर. हिला टोपलीत घालून.”

“ताटलीपण घ्या मग. माझी वाटी परत करते.”

रघोजी खाकरले. “एक बाटली...”

“एक फोड!” भाऊबहीण एकदमच ओरडले.

गिरणीचा माणूस रिकामं पोतं मोपेडला अडकवून गेला. जाताना त्याने अंबाक्कांच्या कॉफीची तारीफ केली. डिकाशन परसात जाऊन बादलीवर वाकली, पंजाने पाणी हलवलं आणि सावकाश पिऊ लागली. सेतुमाधवराव तिच्याशेजारी पायरीवर टेकले होते.

परतताना रिक्षात भुवनेश्वरी म्हणाली, “शेवटचं मी सांगणार नव्हते.”

“मला कळलं ते,” वरुणराव म्हणाले. तिने चकित होऊन त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना फार बरं वाटलं.

घरी आल्यावर त्यांनी एकट्यापुरती कॉफी केली. सवयीने चमचा नळाखाली धरला, धुतला, साखरेचा डबा उघडला. आतले खडे बघत ते तसेच उभे राहिले. चार वर्षं ते तंजावूरच्या हवेला दोष देत होते.

त्यांनी चमचा पंच्याने पुसला, पुढून आणि मागून, आणि खिडकीत ठेवला. तो वाळेपर्यंत कॉफी निवली. ती त्यांनी पुन्हा गरम केली.