उजवा बीम

पटत नसेल त्याने भांडुपला जाऊन गंधालीला विचारावं. ती काही बोलणार नाही. पण तिचा चेहरा बघितला की हे खरंच घडलंय एवढं कळेल.

मागच्या मार्चमधली शनिवारची दुपार. रात्रबित्र काही नाही, चांगलं टळटळीत ऊन. बिल्डिंगांचं डिझाइन करणाऱ्या त्या ऑफिसात ती एकटीच होती.

मुलुंडच्या एका शाळेच्या दारावर पंखांसारखं छत बसणार होतं. दोन लोखंडी बीम, एक डावीकडे उतरता, एक उजवीकडे. पत्रा नीट बसावा म्हणून उतरता बीम स्वतःभोवतीही जरा फिरवावा लागतो. गंधालीने डावा बीम बारा अंश फिरवला, त्याचीच उलटी कॉपी उजवीकडे टाकली आणि ड्रॉइंग कधीच पाठवून दिलं. साइटवर तिचा धाकटा भाऊ यज्ञेश इंजिनीअर होता. आज तिथे उजवा बीम चढत होता.

तिला कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये फक्त पावसाच्या पाण्याची पन्हळ दाखवायची होती. तिने फाइल उघडली...

उजव्या बीमपुढे बाराच्या जागी उणे बारा.

"आता हे कोणी केलं यार?" तिने बारा टाकलं आणि सेव्ह केलं.

मागे आवाज आला. टक... टक...

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. चूक दिसली की पेडणेकर सर टेबलावर अशीच पट्टी आपटायचे. ऑफिसातलं प्रत्येक मॉडेल तेच तपासत, साइटवरही तेच जात.

दिवाळीत ते वारले होते.

तिने वळून पाहिलं. नुसती खुर्ची होती.

स्क्रीनवर पुन्हा... उणे बारा.

तिने हट्टाने परत बारा केलं. टकटक वाढली, वाढतच गेली... आणि एकदम थांबली.

त्या शांततेनेच ती जास्त घाबरली.

इतके दिवस ती मॉडेल वरूनच बघत होती. आता तिने ते समोरून फिरवून पाहिलं. कॉपी करताना सॉफ्टवेअरने बीमचा कल उलटवलाच नव्हता. दोन्ही बीम एकाच बाजूला कलले होते; उणे बाराच बरोबर होतं. उजवा आधाराच्या प्लेटवर पुरता टेकणारच नव्हता.

तिने फोन लावला.

"यज्ञेश, खाली उतर! आत्ताच्या आत्ता!"

"उतरलोय गं ताई." त्याचा आवाज कापत होता. "खालून पेडणेकर सरांनी हाक मारली. मी उतरलो... आणि बीम कोसळला."

"सर गेलेत रे..."

"माहितीये! तेव्हा आठवलंच नाही मला."

"आणि विशाल?" वेल्डर विशाल कायम यज्ञेशबरोबरच वर चढायचा.



"माझ्या शेजारीच होता गं. त्याला हाक ऐकूच आली नाही."

गंधाली अजून तेच काम करते. प्रत्येक बीम चारही बाजूंनी फिरवून बघते. पाठीमागची टकटकही अजून येते.

पण आता ती पट्टीची नसते... विशालच्या हातोडीसारखी, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखी असते.

ती घाईघाईने सगळं मॉडेल पुन्हा तपासते. त्यात काहीच चुकलेलं नसतं.