सीलबंद बाटलीतली चोरी

"माझा जावई चोर आहे," दार उघडताच काका म्हणाले. "एवढं फक्त सिद्ध करून द्या."

"आणि नसला तर?" ताईंनी विचारलं.

"तसं होणारच नाही."

खासगी तपास करणाऱ्या ताईंच्या मागे त्यांचा धाकटा भाऊ उभा होता. पन्नाशी उलटली तरी बाळूच. त्याचं मत उंबऱ्यातच ठरलं होतं: जावईच!

टेबलावर दुर्मिळ जपानी सिंगल माल्ट व्हिस्कीची बाटली आणि चार छोटे ग्लास होते. बाटली जावयानेच लग्नात सासऱ्यांना दिलेली. आज लग्नाच्या वाढदिवसाला सगळ्यांनी मिळून चाखायची ठरली होती. पण काकांच्या लाकडी पेटीतून निघाली ती चांगली चार बोटं रिकामी. आणि सील शाबूत!

"तो बाटल्यांना सील लावायच्याच कारखान्यात कामाला आहे," काका कडाडले. "प्यायला आणि पुन्हा ठोकलं! मी सील तोडलं, तर बूच ओल्या खडूसारखं हातात आलं. चव भिजलेल्या पुठ्ठ्याची! अहो, जहाजावर वाईनचं कोठार सांभाळलंय मी. एका बाटलीचं बूच सुकू दिलं नाही कधी. हिलाही तसंच जपलं."

ताईंनी लांबट, बसकी पेटी उघडली. आतल्या मखमलीवरून बोट फिरवलं. सगळीकडे मऊ, एका टोकाला मात्र कडक.

जावई खिडकीशी उभा होता. "प्यायची असती तर दिली कशाला असती?"

"मग तसं सांगा की."

"सांगितलं. तर बाबा नको ते बोलले, आणि ही आत बॅग भरतेय. म्हणते, पुन्हा या घरात पाऊल टाकणार नाही."

काकूंनी डोळे पुसले. "पेटीला कोणाला हात लावू देत नाहीत हो हे. खालचा कागद तेवढा मी बदलते. चिकटतो मेला. पॉलिश सुटत असेल. वास मात्र गोड येतो."

बाळू ताईंच्या कानाला लागला. "काकूच!"

"गप रे."

ताईंनी सगळ्यांना टेबलाशी बोलावलं. मुलगी बॅगेसकट आली.

"काका, वाईन आडवी ठेवतात ना? बूच ओलं राहावं म्हणून?"

"अर्थात!"

"व्हिस्की उभी ठेवतात. ती जहाल, बूच खाते. तुमच्या पेटीत बाटली उभी मावणारच नाही. इतकी वर्षं आडवी पडून बूच भुसभुशीत झालं, सीलच्या कडेने व्हिस्की थेंब थेंब पाझरली. म्हणून मखमल कडक झाली ती फक्त गळ्याच्या टोकाला. तिथून दारू लाकडात मुरली आणि काकूंच्या कागदापर्यंत पोचली. कोणी प्यायलं असतं, तर पेटी कोरडी राहिली असती. आणि नवं सील ठोकणारा कुजकं बूच कशाला ठेवेल?"

"म्हणजे चोर..." बाळू चाचरला.

"चोर कोणी नाही. काकांची माया जरा आडवी पडली, एवढंच."

काकांनी स्वतःची खुर्ची जावयापुढे ओढली. "चुकलं माझं. बसा. पहिला ग्लास तुमचा."

जावयाने घोट जिभेवर घोळवला.

"कशी आहे?"

"पुठ्ठा." त्याने ओठ चाटले. "पण मागून मध येतोय, बाबा."

मुलीने बॅग खाली ठेवली, एक ग्लास ओढून घेतला.

"मलाही ओता. आणि बाबा, रडायचं तर तिकडे तोंड करून. ग्लासात पाणी जास्त होईल."