घड्याळ गोल झाल्यावर

जुन्या कॅसेट डिजिटल करून देणं हा माझा धंदा. गिऱ्हाईक येतं, म्हणतं, "काका, यात नवरदेव बांबूसारखा दिसतोय हो!" मी सांगतो, "त्याचा काही दोष नाही, रेशोचा आहे." रेशो म्हणजे चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण; रुंद चित्र अरुंद चौकटीत कोंबलं गेलं की माणसं उभट दिसतात. माझी युक्ती एकच. चित्रात एखादी गोल वस्तू शोधायची, थाळी म्हणा, चाक म्हणा, आणि ती गोल होईपर्यंत चित्र आडवं ताणायचं. ती गोल झाली की माणसंही जशी होती तशी दिसतात.

हिला जाऊन आठ महिने झाले. मुलगी म्हणाली, "बाबा, आईच्या क्लिपा नीट करा ना. बाळाला दाखवीन, ही बघ तुझी आजी."

पहिलीच क्लिप स्वयंपाकघरातली. ही ओट्यापाशी गुणगुणतेय. मागे भिंतीवर घड्याळ, अंड्यासारखं उभट. ही वळते. "अहो, कालच्या क्लिपमध्ये बघितलं. बारीक झालेय का हो मी?"

कॅमेऱ्यामागून माझा हसरा आवाज येतो, "अगं वेडे, तू नाही, रेशो बारीक झालाय!"

तीही हसते.

मी चित्र ताणलं. घड्याळ गोल झालं. ही मात्र बारीकच राहिली. गालांची हाडं वर आलेली, बाह्या सैल.

"जरा आधी आणायला हवं होतं," असं डॉक्टर पुढे म्हणाले होते. ते 'आधी' म्हणजे हीच दुपार. ती मला विचारत होती आणि मी तिला रेशो सांगत होतो.

देवापासून काय लपवायचं? मी लबाडी केली. चित्र आणखी ताणलं. घड्याळ चपटं झालं तर होऊ दे म्हटलं. ही भरली, गाल आले. "आता कशी छान दिसतेस," असं तिला सांगितलं आणि सेव्ह केलं.

दुसऱ्या दिवशी क्लिप उघडली. घड्याळ गोल होतं.

आणि ही भरलेलीच होती.

आकडे तीनदा तपासले. मग हात जोडले आणि पुढची क्लिप घेतली. रोज एक. रोज थोडं जास्त ताणायचो, दुसऱ्या दिवशी घड्याळ आपोआप गोल झालेलं असायचं. ही मात्र तशीच, टवटवीत. मी दुकानात एकटाच गात बसायचो. पट्ट्याला दोन भोकं नवी पाडावी लागली, तिकडे लक्ष कोण देतो!

काल दुपारी मुलगी आली. दारातच थबकली.

"बाबा, केवढे वाळलात! जेवता की नाही?"

"ते सोड. आईला बघ आधी."

पहिली क्लिप लावली. ही ओट्यापाशी गुणगुणत होती. वळली. भरल्या गालांनी थेट माझ्याकडे पाहिलं.

"अहो, बारीक झालात का हो तुम्ही?"

कॅमेऱ्यामागून कुणी हसलं नाही.

मुलीने माझा दंड धरला. तिची बोटं एकमेकांना टेकली. "बाबा, आई असं कधी म्हणाली होती?"

मी मान वर केली. स्वयंपाकघरातलं ते घड्याळ मी आता दुकानात लावलंय.

अगदी गोल होतं.