इव्ह नदीचा उतार

"सुश्रुत, तू घोडीला बाकरवडी दिलीस?"

"तिनेच मागितला."

"मागितली. आणि घोडी बोलते होय?"

"डोळ्यांनी बोलते."

देवयानीने कपाळावर हात मारला. ती तेरा वर्षांची, भाऊ सुश्रुत अकरा वर्षांचा, दोघं इंग्लंडातल्या ब्रॅकनेलचे. समर हॉलिडे लागला म्हणून अनुप मामा त्यांना ऑक्सफर्डच्या पलीकडे लिटल मार्लक नावाच्या खेड्यात कॅम्पिंगला घेऊन आले होते. मामा आले म्हणजे काय, मामांचा लॅपटॉप आला. मामा तंबूत बसून मीटिंग करत होते आणि बाहेर चिखल तर असा, की सुश्रुतचा एक गमबूट काल त्यात गेला तो बहुधा ऑस्ट्रेलियातच निघणार होता.

पण चिखलाची कुणाला पर्वा? शेजारच्या मैदानात वीस घोडे उभे होते. दुपारी तिथे लढाई होती.

खरी नाही हो, खेळातली. जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात राजा एका बाजूला आणि पार्लमेंट दुसऱ्या बाजूला, अशी घरातल्या घरात लढाई जुंपली होती. तिची हौस असलेली माणसं तसेच कपडे घालून, तशाच तलवारी घेऊन गावोगाव ती लढाई पुन्हा करून दाखवतात. आज पार्लमेंटचे घोडेस्वार इव्ह नदीच्या उतारातून, म्हणजे घोड्यावर बसून ओलांडता येईल अशा उथळ जागेतून, पलीकडच्या राजाच्या फौजेवर चाल करून जाणार होते.

"आमच्या बिल्वाला अजून एक देतोस?" घोडीशेजारी बसलेल्या मुलीने विचारलं. तिचं नाव सारा. बोलत होती इंग्रजीत, पण आपण आपलं मराठीतच ऐकू. "म्हातारी आहे ती. डाव्या डोळ्याने दिसत नाही. पण माझे ग्रँडपा म्हणतील तिथे जाते. आगीत म्हटलं तर आगीत."

"आणि ग्रँडपा कुठे जाणारेत?"

"सगळ्यांच्या पुढे. निशाण त्यांच्या हातात असतं." साराने मान ताठ केली. मग जरा हळू म्हणाली, "छातीवर नि अंगावर मिळून वीस किलो लोखंड असतं. पोहताही येत नाही त्यांना."

"पोहायचं कशाला? उतार आहे ना."

तिघं उतार बघायला नदीवर गेली. काठावर उताराची जागा दाखवणाऱ्या दोन पांढऱ्या खुंट्या ठोकल्या होत्या, समोर खुर्च्यांच्या रांगा मांडल्या होत्या. सुश्रुत एकदम थांबला.

"खुंट्या इथे नव्हत्या. काल त्या वाकलेल्या झाडापाशी होत्या."

"तुला काल स्वतःचा गमबूट कुठे होता ते आठवत नाही," देवयानी म्हणाली.

सुश्रुतने फोन काढला. कालच्या फोटोत तो स्वतः जीभ काढून उभा होता, आणि मागे खुंट्या. शेजारी वाकलेलं झाड.

"आता जरा ऐक," तो म्हणाला.

"काय ऐकू? काहीच आवाज नाहीये."

"तेच तर. तिथे झाडापाशी पाणी केवढी बडबड करतो."

"करतं. पाणी ते." पण देवयानीचा चेहरा बदलला होता. शनिवारच्या मराठी शाळेत दोघांनी एक म्हण दहा-दहा वेळा लिहिली होती, आणि मामा ती सुश्रुतला दिवसातून तीनदा ऐकवायचे. उथळ पाण्याला खळखळाट फार. झाडापाशी पाणी दगडांवरून खळखळत होतं. इथे मात्र ते गप्प होतं, काळंशार.

"हा डोह आहे," ती म्हणाली.

"डोह म्हणजे?" साराने विचारलं. देवयानीने सांगितलं, आणि सारा पांढरीफटक पडली.

खात्री करायला हवी होती. सुश्रुत धावत गेला आणि मामांच्या तंबूची मधली काठी उपसून घेऊन आला. मागे तंबू मामांच्या डोक्यावर, लॅपटॉपवर आणि साहेबांच्या प्रश्नावर शांतपणे बसला. काठीला तळ लागलाच नाही. ती हातातून निसटली आणि गेली.

मिस्टर ग्रिमशॉ पार्लमेंटच्या घोडदळाचे कप्तान. त्यांच्या मिशीच्या दोन टोकांवर दोन चिमण्या सहज बसल्या असत्या. त्यांचा जीव बटणांत अडकलेला. सकाळपासून त्यांनी तीन शिपाई परत पाठवले होते: एकाचं बटण प्लास्टिकचं, एकाच्या हातात घड्याळ, आणि एकाच्या बुटाला चेन.

"खुंट्या मीच हलवल्या," तिघं धावत येऊन सांगू लागली तेव्हा ते म्हणाले. "झाडामुळे खुर्च्यांवरून काही दिसत नव्हतं. इथे पाणी किती शांत आहे बघा. तिथे नुसता धिंगाणा."

"सर, इथे खोल आहे. आमची काठी बुडाली."

"कुणाची काठी?"

"मामांची. तंबूची."

"म्हणजे तंबू मोडलात." ग्रिमशॉ पुढच्या शिपायाच्या बटणांकडे वळले.

सारा ग्रँडपांकडे धावली. ते लोखंडी टोप घालून, हातात निशाण घेऊन बिल्वावर बसले होते, आणि पोरींच्या भित्र्या गोष्टी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

"तुझी आई जन्मली नव्हती तेव्हापासून मी घोड्यावर आहे," ते म्हणाले. "गप्प बस, सारा."

साराच्या डोळ्यांत पाणी आलं. लढाईचा ढोल वाजायला दहा मिनिटं उरली होती.

"मोठ्यांना नदी दाखवून उपयोग नाही," देवयानी हळूच म्हणाली. "त्यांना बटण दाखवायला हवं."

"कुठलं बटण?"

"बघच. सुश्रुत, तोंड बंद ठेव. आयुष्यात एकदा."

ती ग्रिमशॉंसमोर जाऊन अदबीने उभी राहिली. "सर, एक शंका होती. तुमच्या लढाईत एक चूक आहे."

ग्रिमशॉंची मिशी थरथरली. "चूक? माझ्या लढाईत?"

"त्या काळी घोडदळ अनोळखी नदीत एकदम घुसायचं का? आधी कुणीतरी टेहळ्या पुढे जाऊन भाल्याने पाणी मोजत नसेल? तुमच्याकडे टेहळ्या दिसत नाही. बटणं सगळी बरोबर आहेत म्हणा." ती जरा थांबली. "पण समोर एवढे लोक बसलेत. कुणीतरी इतिहासाचे मास्तर असतीलच. फोटो काढतील."

सुश्रुतला राहवलं नाही. "इंटरनेटवर टाकतील."

ग्रिमशॉ लाल झाले, मग जांभळे झाले. त्यांनी शेजारच्या पायदळाच्या शिपायाच्या हातातला सोळा फुटी भाला हिसकावून घेतला. "टेहळ्या आहे. अर्थातच आहे. मी स्वतःच आहे."

ताडताड चालत ते खुंट्यांच्या मधे गेले, खुर्च्यांकडे बघून छाती फुगवली आणि भाला पाण्यात रोवला.

भाला गेला. अजून गेला. ग्रिमशॉंचा हात कोपरापर्यंत पाण्यात, तरी तळ नाही. मग ग्रिमशॉच निघाले भाल्यामागे. देवयानीने आणि साराने त्यांच्या कमरेचा लाल पट्टा धरला, सुश्रुतने देवयानीला धरलं, आणि तंबूतून कसेबसे सुटून आलेल्या मामांनी सुश्रुतला धरलं. अशी माणसांची माळ मागे ओढली गेली, आणि सगळी चिखलात बसली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे लढाईतच आहे.

ग्रिमशॉंनी पाण्याने काळा झालेला भाला बिल्वाच्या शेजारी उभा केला. ओली खूण घोडीच्या कानांच्याही वर होती. ग्रँडपांनी ती पाहिली. छातीवरच्या लोखंडाला एकदा हात लावला.

"खुंट्या झाडापाशी," ग्रिमशॉ खोल आवाजात म्हणाले. "आणि खुर्च्यासुद्धा. लगेच. ह्या तीन टेहळ्यांना काठावर पहिल्या रांगेत जागा द्या." मग मामांकडे वळून म्हणाले, "भाचरं तुमची आहेत? अभिमान वाटू द्या. आणि ते घड्याळ काढा."

झाडापाशी भाला गुडघ्याइतकाच भिजला. अर्ध्या तासाने ढोल वाजला आणि वीस घोडे खळखळ पाणी उडवत निघाले. पुढे निशाण, निशाणाखाली ग्रँडपा, ग्रँडपांखाली बिल्वा. पाणी तिच्या पोटालाही लागलं नाही. सारा श्वास रोखून उभी होती. घोडीचे पुढचे पाय पलीकडच्या गवताला लागले तेव्हा कुठे तिने तो सोडला.

तिकडे पोचल्यावर निशाणवाल्याने मरायचं, असं ठरलं होतं. ग्रँडपा हळूच उतरले, झकास मेले आणि गवतावर पाय पसरून पडले. लढाई जरा पुढे सरकली तशी पोरं पुलावरून धावत पलीकडे गेली.

"सारा," डोळे मिटूनच ग्रँडपा म्हणाले, "मघाशी मी तुला काय म्हणालो?"

"गप्प बस म्हणालात."

"माझं चुकलं. तू आणि तुझ्या ह्या दोस्तांनी मला आज घरी जेवायला जिवंत ठेवलंत."

"मेलेली माणसं बोलत नाहीत!" लांबून ग्रिमशॉ ओरडले.

ग्रँडपांनी एक डोळा उघडला, हात लांब करून साराला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून पुन्हा नीट मेले.