आधी आईला विचारा

कर्रर्र… असा आवाज झाला आणि निलमच्या सायकलचं मागचं चाक पापडासारखं दुमडलं.

सरावलीतल्या चिकूच्या वखारीसमोर तिने सायकल लावली होती, ती अगदी भिंतीला टेकवून. तरी एका टेम्पोवाल्याने मागे घेता घेता टेम्पो थेट तिच्यावरच चढवला. निलम चिकू निवडायचं टाकून बाहेर धावली आणि दोन्ही हात डोक्याला लावून उभीच राहिली. पगाराला अजून अठरा दिवस होते.

"दिसत नाही का रे तुला?"

टेम्पोतून एक उंच, सावळा तरुण उतरला. त्याने आधी चाकाकडे बघितलं, मग तिच्याकडे… आणि मग तिच्याकडेच बघत राहिला.

"आता दिसतंय," तो म्हणाला.

"माझं चाक भरून दे."

"देतो ना. पण खिशात फक्त डिझेलचे पैसे आहेत, ते पण शेठचे." त्याने कान पकडले. "मी मिथुन, तलासरीचा. रोज रानशेतवरूनच येतो. तू कुठली?"

"…रानशेतचीच."

"मग झालं तर! चाक नीट होईपर्यंत तुला आणायचं आणि सोडायचं काम माझं."

नाही म्हणून सांगते कुणाला? रोज रिक्षाने यायचं तर अर्धी मजुरी रिक्षातच गेली असती. निलमने नाक मुरडलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रस्त्यावर येऊन उभी राहिली.

पहिला आठवडा ती खिडकीबाहेर बघत बसली. दुसऱ्या आठवड्यात आरशातून त्याच्याकडे. टेम्पोत पिकल्या चिकूचा गोड वास भरलेला असायचा, मिथुनची न संपणारी बडबड असायची, आणि गिअर टाकताना त्याचा हात तिच्या ओढणीला लागला की दोघंही एकदम गप्प व्हायचे. महिना झाला तरी चाकाचा पत्ता नव्हता.

"एवढं काय सोन्याचं चाक बनवतायत?" एक दिवस तिने विचारलंच.

मिथुनने टेम्पो हळू केला. "निलम, रागवू नको हां… चाक तीन आठवड्यांपूर्वीच नीट झालंय. सायकल माझ्या घरी आहे. माझी बहीण चालवते."

"काय?"

ती इतकी थक्क झाली की भांडायचंही राहून गेलं. रानशेत आलं. ती उतरली तेव्हा मिथुनने पडेल आवाजात विचारलं, "उद्या… सात वाजता?"

"पावणेसातला ये," ती पाठमोरीच म्हणाली. "लवकर निघालो तर हळू चालवता येईल."

इतकं झाल्यावर पुढचं व्हायचं ते झालंच. एका रविवारी मिथुनची आई रानशेतला येऊन गेली आणि उन्हाळ्यातली तारीख ठरली. निलमने नि मिथुनने मिळून पैसे जमवले होते. मांडव, जेवण, डीजे आणि निलमसाठी एक लाल शालू. बरोबर एका लग्नापुरते, वर एक रुपया नाही.

लग्नाला दहा दिवस उरले तेव्हा हिरूआजी घरी आली. ती पाड्याची धवलेरी. लग्नाची गाणी तिने म्हणायची, विधी तिने लावायचे, तिच्याशिवाय पाड्यात लगीन उभं राहत नाही. ती पाणी प्यायली, तिने तोंड पुसलं आणि निलमच्या बापाला सहज विचारलं, "धाकल्या, तुजं नि काळीचं लगीन कोनी लावलं रे? मला तर आठवत नाय."

धाकल्या अंगणातल्या कोंबडीकडे बघायला लागला. काळी, म्हणजे निलमची आई, विझलेल्या चुलीत फुंकर घालत बसली.

"बा?" निलम म्हणाली.

"ऱ्हायलंच ते," बा पुटपुटला.

"राहिलं म्हंजे?"

"तवा पैसं नव्हतं. म्हटलं, पुढच्या साली करू. पुढच्या साली तू झालीस. मंग बैल मेला. मंग घराचं छप्पर उडालं…"

बावीस वर्षं ज्यांना निलमने एका चुलीपाशी भांडताना नि एका ताटात जेवताना बघितलं, त्यांचं लग्नच झालं नव्हतं! पैसा नसला की आधी घर करायचं आणि लगीन मागून, हे पाड्यात जगावेगळं नव्हतं. दुसऱ्यांच्या घरी तिने ते बघितलंही होतं. पण आपल्याच घरात?

"मंग आधी तुमचं," हिरूआजी उठत म्हणाली. "आईबापाचं बाकी आन् लेकीला हळद? मी नाय लावनार."

निलमने मिथुनला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे… माझ्या सासऱ्याच्या लग्नात मी नाचायचं?"

तिला हसू आलं आणि हसता हसता रडूच फुटलं. "मिथुन, दुसऱ्या लग्नाचे पैसे कुठून आणायचे रे?"

"ऐक ना… तू तशीच राहायला ये. लगीन मागून करू."

किती सोपं होतं! क्षणभर निलमचं मन डळमळलं. मग ती म्हणाली, "मागून म्हणजे कधी? माझी लेक हळदीला बसेल तेव्हा?"

"…नको," मिथुन लगेच म्हणाला. "नको नको. उद्या बोलू. काहीतरी करू."

आणि खरंच, दोघांनी कंबर कसली. मांडव एक, जेवण एक. सकाळी आईचं लगीन, दुपारी लेकीचं. डीजेवाल्याला नाही म्हणून कळवलं, मिथुनचा मामा ढोल वाजवणार होता. मांडववाल्याचंही काम नव्हतं. बांबू रानशेतचेच, टहाळे शेजारच्यांच्या आंब्याचे, आणि ने-आण करायला टेम्पो होताच. शेठने मात्र डिझेल स्वतःचं घालायची अट टाकली. पाड्यातल्या बायका पत्रावळी लावायला बसल्या. राहिला शालू. तो घेऊन निलम मिथुनबरोबर तलासरीच्या दुकानात गेली.

"लिधेलो माल पाछो नथी लेता, बेन," दुकानदार मान न उचलता गुजरातीत म्हणाला.

"शेठ, परत नको. बदलून द्या. याच पैशात दोन पिवळ्या साड्या. एक माझ्या लग्नाला, एक आईच्या."

"मम्मीला लग्नात नेसायला?"

"मम्मीच्या लग्नात नेसायला."

दुकानदाराच्या हातातली मीटरपट्टी खाली पडली. त्याने निलमकडे बघितलं, मिथुनकडे बघितलं आणि दोन साड्या काढून दिल्या. वर दोन ब्लाऊजपीस तसेच टाकले.

लग्नाला दोन दिवस होते. निलम नाचतच घरी आली आणि साडी आईच्या मांडीवर ठेवली. काळीने साडीवरून हात फिरवला, घडी नीट केली आणि ती परत लेकीच्या हातात दिली.

"मी नाय करनार लगीन."

निलमला वाटलं, आपण भलतंच ऐकलं.

"आई, सगळं ठरलंय!"

"कुनी ठरवलं? तुमी ठरवलं, हिरूआजीनं ठरवलं. मला कुनी इचारलं? तवा तुजा बा बाजारात म्हनला, चल. मी आले. तेवीस वर्सं झाली, अजून कुनी इचारलं नाय." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून निलमला जास्तच धक्का बसला. "तुज्यासाठी जीव देईन गं. पन लगीन माजं हाय."

बावीस वर्षांत आईने स्वतःसाठी काही मागितलेलं तिला आठवत नव्हतं. तिला आईचा राग आला, आणि त्या रागाची लाजही वाटली.

मिथुन धाकल्याला घेऊन बांधावर बसला. "मामा, काही कठीण नाही. समोर जायचं आणि विचारायचं."

"एवढं तर मी कंदी बैलाला पन बोललो नाय," धाकल्या घाम पुसत म्हणाला. त्याने विडी पेटवली, विझवली, पुन्हा पेटवली. शेवटी तो उठला. काळी अंगण सारवत होती. तिच्यापासून चार हातांवर तो उकिडवा बसला.

"काळे… तवा चल म्हनलो. आज इचारतो. करशील का लगीन?"

काळीचा शेणाचा हात थांबला. "आन् नाय म्हनले तर?"

धाकल्याने बराच विचार केला. "तर उद्या परत इचारीन."

"मंग उद्या इचार," ती म्हणाली आणि पुन्हा सारवू लागली.

निलम आणि मिथुन दाराआड एकमेकांकडे बघतच राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. "उद्या इचार!" तांदूळ आला होता, पाहुणे निघाले होते, आणि नवरी मिळत नव्हती.

लग्नाच्या सकाळी सगळा पाडा मांडवात जमला. हिरूआजी तयार होती. धाकल्या नवं धोतर सावरत मधोमध उभा राहिला. समोर काळी, जुन्याच लुगड्यात.

"काळे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "माज्याशी लगीन करशील?"

"मोठ्यानं बोल. मागं ऐकू नाय गेलं."

धाकल्याने डोळे मिटले आणि सगळा जीव गोळा करून ओरडला, "काळे, माज्याशी लगीन करशील का?"

काळीने पदरात तोंड लपवलं. तिचे खांदे हलत होते. रडतेय की हसतेय, निलमला कळेना.

"करीन," काळी पदराआडून म्हणाली.

ढोल कडाडला. बायका काळीला पिवळी साडी नेसवायला घरात घेऊन गेल्या. धाकल्या तिथेच मांडवाच्या खांबाला धरून लहान मुलासारखा रडू लागला, आणि त्याला आवरावं असं कुणालाच वाटलं नाही.

मिथुन मात्र पांढराफटक पडला होता.

"काय झालं रे?" निलम त्याच्या कानाशी म्हणाली.

"निलम… मी पण तुला कधी विचारलंच नाही. माझी आई आली आणि ठरलं." तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "आत्ता विचारलं तर… तू पण उद्या विचार म्हणशील?"

तिला त्याची फिरकी घ्यायची होती. आठ दिवस तरी तंगवायचं होतं. पण त्याचे ओठ सुकले होते, आणि 'नाही' ऐकायची तयारी करून तो समोर उभा होता. तलासरीहून आलेली त्याची सगळी माणसं बघत होती, तरीही. असा मिथुन तिने आजवर पाहिला नव्हता.

"विचारून तर बघ," ती म्हणाली.

"माझ्याशी लग्न करशील?"

निलमचे डोळे भरून आले. तिला वाटलं होतं, हे सगळं कधीच ठरून गेलंय. आत्ता, त्याने विचारल्यावर कळलं, की ते अजून तिच्याच हातात होतं.

"हो," ती म्हणाली, आणि मागच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली.