शून्य अंशावरचं मेण

चढाच्या मधोमध तो उभा होता, आणि त्याच्या दोन्ही स्कींखाली बर्फाचे हे एवढाले गोळे! उंच टाचांचे बूट पहिल्यांदा घातलेल्या पोरीसारखा डगमगत होता बिचारा. मागून सरसर येणाऱ्या तोरुनला थांबावंच लागलं.

"एकदम उंच झालायस की रे!" ती म्हणाली.

"बुटका होतो तर इथं कोणी बोलत नव्हतं माझ्याशी," तो म्हणाला. "आता बघ, मुलगी आपणहून थांबली."

तोरुनने हसू ओठांत दाबलं. हा यार्ले, शाळेतला नवा मास्तर, पश्चिम किनाऱ्यावरून आलेला. तिने त्याची एक स्की काढायला लावली, उलटी केली, तळाला बोट लावून पाहिलं.

"क्लिस्टर? नळीतलं चिकट मेण, ते या थंडीत? अरे, ते ओल्या बर्फाचं औषध. असल्या पिठासारख्या बर्फाला लावलंस तर गोळे होणारच!"

"आमच्याकडे बर्फ ओलाच असतो."

"तुमच्याकडे बर्फ नसतोच. पाऊस पडतो, आणि तुम्ही त्याला लाडानं बर्फ म्हणता."

त्याचे कान लाल झाले... थंडीने की रागाने, कोण जाणे! डोळे मात्र हसत होते. समुद्रासारखे करडे. तोरुनने समुद्र कधी पाहिला नव्हता, पण तिला वाटलं खरं तसं.

त्या हिवाळ्यात मास्तर तिच्या घरी मेण शिकायला येऊ लागला. स्वयंपाकघरात दोन खुर्च्यांच्या पाठींवर त्याची स्की आडवी टाकायची, जुनं मेण खरवडायचं, चढावर स्की मागे घसरू नये म्हणून पावलाखालच्या भागाला थंडीचं निळं मेण लावायचं आणि बुचाने चोळचोळून चकचकीत करायचं. चुलीवर कॉफी उकळत असे, स्कीच्या लाकडात मुरलेल्या डांबराचा गोड वास खोलीभर दरवळत असे.

"रगडू नकोस. गोंजारल्यासारखं कर."

"कुणाला... स्कीलाच ना?"

"गप्प बस आणि चोळ!"

आई वाफलचं, जाळीदार गोड धिरड्यांचं, पीठ ढवळता ढवळता पाठमोरीच हसायची.

मार्चमध्ये खोऱ्याची शर्यत. त्या वर्षी पहिल्यांदाच बायकांना पुरुषांची पुरी लांब वाट मोकळी झाली होती. "अर्ध्यातच बसकण मारतील," असं दुकानापाशी पाइप ओढत बोलणारे कमी नव्हते. तोरुनने त्यांच्या तोंडावर नाव नोंदवलं. आता तिला एकच हवं होतं — ताठ मानेने शेवटपर्यंत पोचायचं.

पण शर्यतीच्या सकाळी वळचणीतून पाणी टपकत होतं. पारा शून्यावर, आणि आभाळातून पडत होता तो ना धड बर्फ, ना धड पाऊस. निळं मेण लावावं तर पाय मागे घसरे; ओलसर बर्फाचं लाल लावावं तर गोळे. तोरुन अंगणात जाऊन येई, खरवडे, पुन्हा लावी. तिचे वडील हालस्टाइन, एके काळी खोऱ्यात पहिले आलेले, त्यांनीही हात टेकले.

"आजचा दिवस कुणाचाच नाही, पोरी."

तेवढ्यात दारात यार्ले उभा राहिला, नखशिखांत भिजलेला. "वा! घरची आठवण आली!"

"चेष्टा नको रे आज..." तिचा आवाज ओला झाला.

तो गंभीर झाला. "दे माझ्याकडे."

आईचा चमचा थांबला. त्या खोऱ्यात शर्यतीची स्की मेणासाठी फक्त घरच्या माणसाच्या हाती देत — बापाच्या, भावाच्या, नवऱ्याच्या. शेजारी कितीही जिवाभावाचा असला तरी त्याचा हात लागू देत नसत.

"मास्तर," हालस्टाइन खाकरले, "आमच्यात परक्याला —"

"ठाऊक आहे मला. म्हणून तर आजवर मागितल्या नाहीत."

तो तिच्याकडेच पाहत होता. तोरुनच्या मनात आलं, स्की दिल्या आणि वाटेत बसले, तर दुकानवाल्यांना दुप्पट हसायला मिळेल... मेणावरून आणि मास्तरावरूनही. तिने दोन्ही स्की उचलल्या आणि त्याच्या हातांवर ठेवल्या.

यार्लेने क्लिस्टरचा पातळसा हात दिला, स्की बाहेर नेऊन गार केल्या, मग त्यावर लाल मेण अलगद थोपटलं. "आता चोळायचं नाही. नुसतं निजवायचं."

"हे कधी सांगितलं नाहीस मला!"

"विचारलंस कधी? तुझ्या मते तर आमच्याकडे बर्फच नाही."

त्या दिवशी मोठ्या चढावर भले भले गडी बाजूला उभे राहून मेण खरवडत होते. तोरुनची स्की मात्र प्रत्येक पावलाला बर्फ धरत होती आणि पाऊल उचललं की सोडत होती. ती त्यांच्याजवळून गेली तेव्हा कोणी थट्टा केली नाही. दमच नव्हता कुणात! उतारावर शेजारच्या खोऱ्यातली धिप्पाड बोर्गिल्ड तिच्या पुढे निघून गेली आणि बायकांत पहिली आली. तोरुन दुसरी.

बोर्गिल्ड धापा टाकत तिच्याकडे आली. "उतारावर मी वजनानं जिंकले गं! चढावर तू मला रडवलंस. मेण कुणाचं?"

भोवती गाव जमलं होतं. दुकानापाशी बोलणारे, आई, वडील... आणि मागे, टोपी हातात घेऊन, यार्ले.

"घरच्या माणसाचं," तोरुन मोठ्याने म्हणाली.

"हालस्टाइनचं?"

"नाही. मास्तरचं."

यार्ले पुढे आला. "तोरुन... काय बोललीस ते कळतंय ना तुला?"

"मला केव्हाच कळलंय. तूच हळू शिकतोस."

हालस्टाइननी लेकीकडे पाहिलं, मग मास्तरकडे, मग बराच वेळ मिशी पुसली. "मास्तर, उभा काय राहिलास? स्की उचल तिच्या. भिजताहेत."

यार्लेने स्की खांद्यावर घेतल्या. तोरुनने हातमोजा काढला, चारचौघांत त्याचा हात धरला, आणि दुकानापाशी बोलणाऱ्यांच्या अगदी समोरून, मुळीच घाई न करता, ती घराकडे निघाली.