आत ओढलेली वादी

ही घडलेली गोष्ट आहे. मला ती नीट सांगता येईल का, याचीच शंका वाटते. पण पदरचं काही घातलेलं नाही.

नॉर्थ डाकोटा. मार्चमधला मंगळवार. दुपारचे तीन... रात्र नव्हती.

माझी चुलतबहीण आर्डिस तेव्हा पहिल्या वसाहतकऱ्यांच्या एका जपून ठेवलेल्या शेतावर कामाला होती. जुन्या पद्धतीचा झगा घालून ती लोकांना तिथलं लाकडी घर दाखवी. दाराला आतून लाकडी खीळ होती. खिळीला बांधलेली चामड्याची वादी भोकातून बाहेर लोंबायची. ती ओढली की खीळ उचलली जाई. घरातल्यांनी वादी आत ओढून घेतली, की दार बंद.

"या घराची वादी कधीच आत गेली नाही," आर्डिस रोज सांगायची. "आल्यागेल्याला इथं ऊब मिळायची."

त्या दिवशीही तिनं तेच सांगितलं. पाहुणे बसकडे निघाले, तसा म्हातारा राखणदार डेल्मार हसला.

"काय गं, थापा मारताना जीभ अडखळत नाही तुझी? घटसर्पाच्या साथीत शेजारीण याच दाराशी गोठून मेली. रोग घरात येईल म्हणून घरातल्यांनी वादी आत ओढली होती."

"लोक तिकीट काढून येतात, डेल्मार. रडायला नाही येत."

"आणि त्या काळच्या घरातल्यांनी ऐकलं तर?"

"त्यांना तिकीट माफ!"

बर्फातून बसला वाट करून द्यायला डेल्मार ट्रॅक्टर घेऊन गेला. आर्डिस चुलीतली राख टाकायला बाहेर आली. नुसत्या झग्यात. कोट आणि गाडीची किल्ली आत खुंटीवर.

आणि वादळ आलं...

सगळं पांढरं. स्वतःचा हात दिसेना. अशा वादळात गोठ्यापर्यंत गेलेली माणसं बर्फ वितळल्यावरच सापडतात. आर्डिसला ते ठाऊक होतं. भिंत चाचपत ती दाराशी आली. वादी हाताला लागली.

ती ओढणार, तोच...

वादी सरकली.

हळूहळू. तिच्या बोटांतून निसटून भोकात गेली.

"कोण आहे आत? उघडा!"

तिनं दार बडवलं.

आत कुणीतरी खोकलं. लहान मूल असावं.

आणि बाईचा आवाज. अगदी दारापाशी. आर्डिसच्या आजीच्या नॉर्वेजियन बोलीत. दबका, चिडलेला.

"गप्प बसा रे. जाईल थोड्या वेळानं."

"मला काही आजार नाही हो, बाई!" आर्डिस रडू लागली. "आर्डिस आहे मी. इथंच काम करते!"



आतून काहीतरी जड घासत आलं... आणि दाराला टेकलं.

अर्ध्या तासानं, कुंपणाच्या कडेकडेनं ट्रॅक्टर हाकत, डेल्मार पोहोचला. ती उंबऱ्यावर मुटकुळं करून पडली होती. ओठ निळे.

"अगं वेडे, बाहेर काय करतेस? वादी तर लोंबतेय!"

खरंच लोंबत होती.

त्यानं ती ओढली. दार सहज उघडलं. घोंगडी आणायला तो आत गेला...

आणि तसाच मागे फिरला. रिकाम्या हातांनी. दार लावून घेतलं, आर्डिसला उचललं आणि त्या वादळातच ट्रॅक्टरकडे पळत सुटला.

आर्डिस वाचली. दोन बोटं गेली.

डेल्मारनं दुसऱ्याच दिवशी काम सोडलं. आत काय दिसलं, असं मी त्याला कितीदा तरी विचारलं. एकदाच बोलला. माझ्याकडे न बघता.

"माणसांनी भरलं होतं घर. आत जागाच नव्हती."